झाली का वाकळ?

"काय माई, आज सगळा संसार कुंपणावर?"

"घालून घेते बाई, ऊन आहे तोवर. घट आठ दिवसांवर आले. सकाळी पाणी आलं तेवढ्यात चार चादरी आणि दोन वाकळा काढल्या. आता हात खांद्याला आहेत की नाहीत ते चाचपून बघायचंय."

पितृपक्षात ऊन पडलं की शाहूपुरीतल्या आमच्या ओळीत घरोघरी हेच चालतं. घट बसायच्या आत अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा साताऱ्याकडचा नेम वॉशिंग मशीन आलं तरी सुटलेला नाही. पूर्वी बायका गाठोडी डोक्यावर घेऊन नदी गाठायच्या. आता वाकळ मशीनमध्ये मावत नाही, म्हणून मोरीत घालून पायांनी तुडवायची. माईंचं आणि आमचं मधलं कुंपण छातीइतकं आहे. बोलायला सोयीचं, कढीपत्ता द्यायला सोयीचं आणि पलीकडे काय चाललंय ते न बघितल्यासारखं करून बघायलाही सोयीचं.

त्या वाळवणात एक वाकळ कोरडीच होती. नुसती उन्हं दाखवायला टाकलेली. कडेनं दाट टाक्यांचे फेरे आणि मधोमध दीड-दोन हात मोकळं पोट. शेवटच्या फेऱ्यात सुई तशीच खोवलेली. तिला गंज चढून कापडावर तांबूस डाग पडला होता.

"ही अजून तशीच?" माझ्या तोंडून गेलंच.

"आता तूही विचार. तेवढं राहिलंच होतं." माईंनी चादरीला चिमटा असा लावला, की चादरीनं काही गुन्हा केलाय. "दर गणपतीला वन्संचा कराडहून फोन. मोदक किती केले, आरतीला कोण कोण होतं, आणि तिसरं वाक्य ठरलेलं. 'वहिनी, झाली का वाकळ?' थोरल्या जाऊबाई विचारत नाहीत, नुसत्या बघतात. ते जास्त वाईट. म्हणून आज निकाल लावायचा ठरवलंय. एक तर पुरी करायची, नाही तर बोहारणीला देऊन टाकायची."

"बोहारणीला? सासूबाईंची वाकळ?"

"तिथंच तर घोडं अडलंय ना!"

आता हे घोडं नेमकं कुठं अडलंय ते आमच्या ओळीत मला सोडून फारसं कुणाला ठाऊक नाही. म्हणजे मी चौघींना सांगितलंय, पण त्या कुणाला सांगणाऱ्यांतल्या नाहीत.

माईंच्या सासूबाई नऊवारीतल्या. कायम इरकल. त्यांच्या काळात लुगडं विटलं की टाकायचं नसे, त्याची वाकळ व्हायची. हिशेबही सोपा. नऊवारी चौपदरी घातलं की एकेक पदर सव्वादोन वारांचा, म्हणजे दोन मीटरला थोडा वरच. माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकला जातो. पन्हा एका माणसापुरता असतोच. कापायला नको, जोडायला नको. एक लुगडं वरखाली, आत घरातली धोतरं, चादरी, दंडाला फाटलेले सदरे. मग कडेपासून धावदोरा धरायचा आणि चौकोनात चौकोन घालत आत यायचं. सुगी संपली की उन्हाळ्यात दुपारच्या वेळी चार घरच्या चार बायका चार बाजूंनी बसल्या, की बोलता बोलता वाकळ उठायची. कुणाची सून नांदत नाही, कुणाची म्हैस आटली, ते सगळं त्या टाक्यांत.

सासूबाईंनी ही शेवटची घातली आणि चार फेरे झाल्यावर त्या गेल्या. मागं वाटणी झाली. थोरल्या जाऊबाईंकडे पाटल्या गेल्या, मधलीकडे तांब्याचं घंगाळ आणि पितळी डबे गेले, आणि धाकटी म्हणून माईंच्या पदरात हे गाठोडं आलं. त्यावर थोरल्या हसून म्हणाल्या होत्या, "धाकटीला मायेची ऊब मिळाली." माईंनी ते हसणं अजून जपून ठेवलंय. पाटल्यांपेक्षा जास्त.

"पण माई, नुसतं गाठोडं मिळालं म्हणून पुरी करायचं बंधन थोडंच असतं?" मी मुद्दाम विचारलं. गोष्ट मला माहीत होती, पण माईंच्या तोंडून ती दर वेळी थोडी वाढते.

"बंधन कसं नाही? अगं, कावळा!"

संगम माहुलीच्या घाटावर, जिथं कृष्णेला वेण्णा मिळते, तिथं दहाव्याला सगळे जमले होते. पिंड ठेवला. पिंपळावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. मग सुरू झालं. थोरले दीर पुढं होऊन म्हणाले, आई, घर विकणार नाही. कावळा ढिम्म. मधले म्हणाले, ताईचं माहेरपण आम्ही करू. कावळा चोच पुसत बसला. नातवाचं लग्न, गावच्या देवाचा अभिषेक, सगळं सांगून झालं. गुरुजींना पुढचं काम होतं, ते घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेव्हा माई मागून म्हणाल्या, वाकळीची काळजी करू नका, ती पुरी होईल. आणि कावळा उतरला!

"अहो, साडेअकरा वाजले होते," ओसरीवरून पेपराच्या आडून अण्णांचा आवाज आला. "त्याला भूक लागली होती."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या आईचा कावळा होता."

अण्णा बँकेतून निवृत्त झालेत. कर्जवसुलीत त्यांची हयात गेली, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूकडे ते थकलेलं खातं म्हणून बघतात. पेपर खाली करून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. हे लक्षण आम्ही ओळखतो.

"मी तुम्हाला नियम सांगतो," ते म्हणाले. "हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं एनपीए. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत सब-स्टँडर्ड. त्याच्या पुढं गेलं की डाउटफुल. आणि वसूल होण्यात काही अर्थच उरला नाही, की लॉस. हिच्या वाकळीला शेवटचा टाका कधी पडला, ते सुईच्या गंजावरून कळतंय. मी बँकेत असतो तर कधीच राइट-ऑफ केली असती."

"ऐकलंस? सासूच्या वाकळीला बुडीत म्हणतात! कर्जमाफी करून टाका म्हणावं, शेतकऱ्यांसारखी."

"तिथंच सगळे चुकतात," अण्णा आता खुर्चीतून उठलेच. "राइट-ऑफ म्हणजे माफी नाही. बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढून टाकते. दर तिमाहीला ते आकडे बघून हाय खायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. कर्जदाराचं देणं तसंच राहतं, वसुलीही चालू राहते. मी काय म्हणतो, तू ही डोक्यातून तरी काढ. पुढं झाली तर झाली."

मला ते पटलं. पण नवरा बरोबर बोलला तर तसं लगेच म्हणायचं नसतं, ही कुंपणाची रीत आहे. म्हणून मी आमच्या लेकीचं पुढं केलं. ती पुण्यात मानसशास्त्र शिकते आणि सुट्टीत आली की आम्हा सगळ्यांवर प्रयोग करते. तिनं गणपतीत एक गंमत सांगितली होती. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामभराची तिकिटं घ्यायला आलेल्या लोकांवर अर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी एक प्रयोग केला. 1985 साली तो छापून आला. तिकीट 15 डॉलरचं. त्यांनी काहींना पूर्ण किमतीत दिलं, आणि काहींना आपलं सहज म्हणून 2 किंवा 7 डॉलरची सूट दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात, ज्यांनी पुरे पैसे मोजले होते ते सूटवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. आवडलं म्हणून नव्हे, पैसे घातलेत म्हणून.

"म्हणजे घातलेलं वाया जाऊ नये म्हणून आणखी घालत बसायचं?" माईंनी विचारलं.

"तेच ते."

"आम्ही नाही असले. शाहू कलामंदिरात एक नाटक रटाळ निघालं, तर मध्यंतरात वडा खाल्ला आणि घरी आलो. तिकिटाचे पैसे गेले, संध्याकाळ वाचली."

"मग वाकळीच्या वेळी मध्यंतर का होत नाही?"

यावर माई काही बोलल्या नाहीत. कासच्या फुलांना निघालेल्या गाड्यांची रांग कोपऱ्यावर अडकली होती आणि हॉर्न वाजत होते. पुण्याच्या पाट्या बघून माई म्हणाल्या, "फुलं बघायला येतात आणि आमच्या गल्लीत बिस्किटाचे कागद पेरून जातात." विषय टाळायची ही त्यांची जुनी पद्धत. पण मी हलले नाही. घरात कुकर लावलेला होता, तरी हलले नाही.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्यांनी तो शब्द दिल्यावर लगोलग काम काढलं होतं. आतलं एक धोतर फारच विरलं होतं म्हणून त्यांनी उदार होऊन स्वतःची एक कोरी पॉलिएस्टरची साडी आत सरकवली. कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेली, नेसवत नव्हती. म्हटलं मजबुती येईल. आणि दोराही मजबूत हवा म्हणून नायलॉनचा आणला. तिथून गाडं रुतलं. सुई लुगड्यातून, धोतरातून सरसर जायची आणि पॉलिएस्टरशी आली की घसरायची. दाबावी तर बोटात. अंगुस्तान घातलं तरी डाव्या हाताच्या बोटाला खालून टोचायचीच. थर एकमेकांवरून सरकून सुरकुत्या पडायला लागल्या. दोन फेरे कसेबसे झाले आणि मग उद्या, उद्या करत सुई तिथंच राहिली.

मी वाकळ कुंपणावरून अलीकडे ओढून बघितली. बाहेरचे चार फेरे आणि आतले दोन, यांत न सांगता फरक कळत होता. सासूबाईंचे टाके बारीक, सारखे, उलट बाजूनंही तेवढेच दिसणारे. माईंचे लांब, कुठं कुठं रागानं ओढलेले.

"मग जेवढी झालीय तेवढी कापून घ्या की," मी म्हटलं. "पायपुसणी करा, बाळाचं दुपटं करा."

"कशी कापशील? बघ ना नीट. काम कडेनं आत आलंय. राहिलंय ते मधलं पोट. कापून काय चौकट ठेवायची, फोटो लावायला?"

हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सरळ ओळींत शिवलेली असती, तर झालेला भाग कापून निघाला असता. कडेकडून आत येणारी वाकळ एक तर पुरी होते, नाही तर भोकासकट राहते. माईंचं माहेर खानापूरचं, आत्या हल्याळला दिलेली. त्या म्हणाल्या, तिकडच्या सिद्दी बायकांची कवदीही अशीच. गोव्यातून पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानाकडेला राहतात. त्यांच्या बायका वरचं कापड आधी जोडून घेत बसत नाहीत. कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, टाका घालायचा, पुढचा तुकडा ठेवायचा, असं फिरत फिरत आत यायचं. आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेली त्रिकोणी फुलं. ती लावली नाहीत तर कवदी त्यांना उघडीनागडी वाटते.

"आत्याच्या घरी एक होती," माई म्हणाल्या. "इतकी फाटली तरी फुलं जाग्यावर. मी तेव्हा ठरवलं होतं, आपण एक तरी अशी करायची. आणि केलं काय, तर पॉलिएस्टर घातलं."

तेवढ्यात कामाच्या मावशी भांडी उरकून मागच्या दारानं आल्या. त्या माणदेशच्या. दुष्काळी मुलखात लहानाच्या मोठ्या झाल्या, आणि कापड, पाणी, माणूस या तिन्हींत काय टिकेल ते त्यांना हात लावून कळतं. त्यांनी ओले हात पदराला पुसले, वाकळ उचलून उन्हाकडे धरली आणि मधल्या पोटाच्या कापडातून आमच्याकडे बघितलं. आम्हाला त्यांचे डोळे दिसले.

"इरलंय," त्या म्हणाल्या. मग दोन बोटांत कापड धरून त्यांनी आडवं ताणलं. काही झालं नाही. उभं ताणलं, आणि चर्र झालं. माईंच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"म्या न्हाई फाडलं माई, त्ये फाटलंच हुतं, नुसतं कळलं न्हवतं. ह्यो बगा तुमचा दोरा. निबार दोरा, म्हातारं कापाड. जितं जितं ओढलाय तितं कापलंय. ह्या नायलनच्या दोऱ्यानं तुमी आजून धा फेरे घातलं असतं, तर पयल्याच धुण्यात वाकळंची जाळी झाली असती. बरं झालं थांबलासा."

माईंना असं आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. थांबल्याबद्दल त्यांना फक्त प्रश्न आले होते.

"मग टाकू म्हणता?"

"टाकायची कशापायी?" मावशी खाली बसल्या आणि वाकळ उलटी केली. "अस्तराच्या अंगानं हितं मधी चीर द्यायाची. हात घालून त्ये पालिस्टर शेवटच्या टाक्याच्या आतनं कातरीनं कापून काडायचं. टाक्यात आडाकलंय त्ये ऱ्हाऊ द्या. त्येच्या जागी जुनं सुती धोतार. वरनं फाटलंय तितं दुसऱ्या लुगड्याचं ठिगाळ. मग साधा सुती दोरा घ्यून चार चार बोटांवर फेरे. दाट घालायची गरज न्हाई, आत कापूस न्हाई सरकायला. आन् शेवटच्या टाक्याच्या आदी पोळीचा घास आत घालायचा. आमच्याकडं वाकळंचं पॉट रिकामं ठिवत न्हाईत."

"ते लाल काठाचं लुगडं ठिगळाला घेऊ का?"

"आदी भिजवून पांडऱ्या फडक्यात पिळा. रंग लागला तर घ्यू नका, सगळी वाकाळ गुलाबी हुईल."

झालं. इतकी वर्षं अडलेला प्रश्न मावशींनी उंबऱ्यावर बसून सोडवला होता. कापड वाचवता येत होतं, रीत कळली होती, धोतर घरात होतं. मी उत्साहानं म्हटलं, "चला माई, आजच कात्री लावू. मी बसते तुमच्याबरोबर."

माई वाकळीकडे बघत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकायला मी कुकरची पाचवी शिट्टी होऊ दिली.

"मला नाही गं करायची."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही करायची. पॉलिएस्टरचं निमित्त होतं. बोटाचं निमित्त होतं. आता तेही गेलं, तर कळतंय की मला मुळात ही करायचीच नाहीये. मी त्या दिवशी घाटावर बोलले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते आणि ऊन लागत होतं. मला विणायला आवडतं, रांगोळी आवडते. शिवायला कधी आवडलं नाही. सासूबाईंनाही ते माहीत होतं. मला त्या म्हणायच्या, तू सुई धरलीस की सुईला रडू येतं."

आम्ही तिघीही हसलो. ओसरीवरून पेपरही हसला.

"पण शब्द?" माई पुन्हा गंभीर झाल्या. "परवा त्यांची तिथी. गच्चीवर वाडी ठेवणार, आणि कावळा आला नाही, तर मी काय तोंड दाखवू?"

इथं अण्णा कामाला आले. कागदपत्रांची सवय असलेला माणूस. "तू म्हणाली होतीस, 'ती पुरी होईल'. मी शेजारी उभा होतो. 'मी पुरी करीन' असं तू म्हणाली नाहीस. जामीन तू राहिलीस, कर्ज तू घेतलं नाहीस."

"व्हय की," मावशी म्हणाल्या. "वाकाळ पुरी झाली म्हंजी झालं. कुणाच्या हातनं झाली, ह्ये आत्याबाईस्नी काय करायचंय?"

मग माईंनी जे केलं त्याला धाडस लागतं. त्यांनी तिथल्या तिथं कराडला फोन लावला. स्पीकरवर. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी आम्ही श्वास धरून.

"वन्सं, मी बोलतेय. वाकळ झालेली नाही. आणि मी ती करणारही नाही. मला जमत नाही आणि आवडतही नाही. कशी दुरुस्त करायची ते मावशींनी सांगितलंय, धोतरही देते. तुम्हाला हवी असेल तर पाठवते, नको असेल तर तसं सांगा."

पलीकडे शांतता. माईंनी डोळे मिटून घेतले होते.

"वहिनी," कराडहून आवाज आला, "पाठवा ना! उद्याच पाठवा. मी कधीची वाट बघतेय, तुम्ही कधी असं म्हणताय याची."

"मग दर वर्षी टोचून का विचारत होता?"

"टोचून कुठं? आईची शेवटची वस्तू, मला हवी होती. पण वाटणीत ती तुमच्याकडे गेली. मागितली असती, तर तुम्हाला वाटलं असतं की नणंद आता गाठोड्यावरही डोळा ठेवून आहे. म्हणून आपलं, झाली का, झाली का, एवढंच विचारत होते. म्हटलं, कंटाळून कधीतरी म्हणाल, घेऊन जा."

माईंनी माझ्याकडे बघितलं. ज्याला त्या इतकी वर्षं टोमणा समजत होत्या, ती मागणी निघाली. अर्धं काम लोंबकळत राहिलं की त्याचं असं होतं. करणाऱ्याला वाटतं जग आपल्याला जाब विचारतंय, आणि विचारणाऱ्याला वाटतं आपण किती जपून बोलतोय. मधे ती वस्तू मात्र कपाटात कुजते, सुई गंजते. सोडायचं काम उघड सांगून सोडावं, म्हणजे ज्याला ते उचलायचंय त्याला हात पुढं करता येतो. माईंनी आधीच्या वर्षी हा फोन केला असता, तर लुगड्याचं मधलं पोट कदाचित इतकं विरलंही नसतं. पण हे मी बोलले नाही. शेजार टिकवायचा असतो.

फोन ठेवल्यावर लगेच बांधाबांध सुरू झाली. गंजकी सुई माईंनी काढून टाकली, आणि नवी सुई, सुती दोऱ्याचं रीळ, धुतलेलं धोतर, लाल काठाचं लुगडं, सगळं एका जुन्या चादरीत घातलं. वर कंदी पेढ्यांचा पुडा. मावशींनी पोळीच्या घासाचा निरोप तीन वेळा सांगून पाठ करून घेतला. उद्या समोरच्यांचा मुलगा कराडला जाणार आहे, त्याच्या गाडीत गाठोडं जाणार. थोरल्या जाऊबाईंना कळवायचं की नाही, यावर मतभेद झाले. शेवटी असं ठरलं, की त्यांना आपण सांगायचं नाही, मी चौघींना सांगितलं की त्यांना आपोआप कळेल.

माईंचा चेहरा पार उजळला होता. मोकळ्या झालेल्या बाईला हाताला काहीतरी लागतं. त्यांनी कमरेवर हात ठेवून अंगणभर नजर फिरवली. ती आमच्यावरून, तुळशीवरून, पेपरावरून फिरत मागच्या पत्र्याच्या शेडवर जाऊन थांबली. तिथं अण्णांची प्रिया आहे. बायको नव्हे, स्कूटर. साताऱ्यातल्याच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली. गावची लेक म्हणून अण्णांनी ती भंगारात जाऊ दिली नाही. निवृत्त झाल्यावर नव्यासारखी करतो म्हणून त्यांनी तिचं इंजिन खाली उतरवलं, नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यात भरून ठेवले आणि मग एक पार्ट मिळेना. तेव्हापासून तिच्या सीटवर मांजर विते.

"अहो," माई म्हणाल्या.

पेपर वर गेला.

"अहो, त्या प्रियेचं काय करायचं?"

"तो विषय वेगळा आहे," पेपराच्या आडून उत्तर आलं. "तिचा पार्ट कोल्हापूरला मिळतोय असं कळलंय."

"कधी कळलं?"

"झाले काही दिवस."

"90 च्या वर का खाली?"

पेपर हलला नाही.

"बरं, राहू द्या," माई म्हणाल्या आणि कुंपणाशी येऊन मला डोळा मारला. "भंगारवाला मंगळवारी येतो. तोवर एवढं सांगून ठेवा, हिला सब-स्टँडर्डमध्ये घालू की डाउटफुलमध्ये?"